मंदीचे वीस पत्ते

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा पहिला विचार मनात आला, की ह्यांना माझा नंबर दिला कुणी? दुसरा विचार, की ह्यांना माझ्याकडून नक्की काय काढून घ्यायचंय? त्या म्हणाल्या, "सुनंदाताई, तुमच्यासारखं काम केलेलं दुसरं कुणी आम्हाला माहीत नाही. मोकळेपणाने लिहा." कुणी कौतुक केलं की मी आणखीच सावध होते. दोन दिवस मागून घेतले, वाचनालयातून त्यांचा गेल्या वर्षीचा अंक आणून चाळला, त्यात काही वावगं दिसलं नाही, मग हो म्हटलं.

माझं काम संशय घेण्याचं होतं आणि त्याचा मला पगार मिळायचा. भिवंडीजवळ काल्हेरच्या गोडाऊनांच्या रांगेत आमचा कारखाना आहे. तिथे घरात बसून खेळायचे खेळ तयार होतात. पट, सोंगट्या, फासे, पत्ते, सगळं एका डब्यात भरून दुकानात जातं. मी जवळच्याच टेमघरहून तिथे लागले ती डब्यात फासे भरायला. पुढे तक्रारी आलेले डबे तपासायला बसले आणि शेवटची बरीच वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली. नवा खेळ छापायला जाण्याआधी चार माणसं तो ड्युटीच्या वेळात रोज खेळतात, महिनोनमहिने. नियमात कुठे भोक आहे, कोण कुठून लबाडी करेल, कशावरून घरात भांडण पेटेल, हे छापण्याआधी शोधायचं. लोकांना वाटतं, मजा आहे बाईची, पगार घेऊन खेळते. आमच्या विहारातल्या बायका तर मला तोंडावर विचारायच्या, "आज काय, जिंकलीस का?"

पण ह्याच संशयापायी मी एका माणसाला त्याच्या खुर्चीवरून उठवलं. ती खुर्ची त्याला किती हवी होती हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी उठवलं. बाकीच्या गमतीजमती सांगेनच, पण लिहायला बसले आहे ती त्या खुर्चीसाठी.

सापशिडीसारख्या खेळाला तपासणी लागत नाही, तिथे फासा पडेल तसं चालायचं. सगळ्यात अवघड शेअरबाजाराचे खेळ. त्यात माणसाला फाशाशी नाही, समोरच्या माणसाच्या मनाशी खेळायचं असतं. ज्या खेळाबद्दल सांगते आहे त्याचं नाव लिहीत नाही. अजून कुणाकुणाच्या माळ्यावर त्याचे डबे असतील आणि उगाच कुणी ते काढून तपासत बसायला नको. पटावर सहा कंपन्या होत्या: साखर कारखाना, कापड गिरणी, सिमेंट, औषधं, बसगाड्या आणि कोल्ड स्टोरेज. प्रत्येक कंपनीपुढे एक शिडी, शिडीवर सोंगटी. सोंगटी वर गेली की शेअरचा भाव वर, खाली आली की खाली.

भाव हलवायचे ते खबरीच्या पत्त्यांनी. चाळीस पत्ते तेजीचे, वीस मंदीचे. प्रत्येक फेरीत तुम्हाला दोन पत्ते मिळतात. ते तुम्ही एकट्याने बघायचे आणि वाटेल त्या कंपनीपुढे पालथे ठेवायचे. समजा, मी साखर कारखान्यापुढे पत्ता ठेवला. तो तेजीचा की मंदीचा, हे फक्त मला ठाऊक. मग खरेदी-विक्री सुरू होते. मी साखरेचे शेअर घ्यायला लागले की बाकीच्यांना वाटतं, हिने तेजी ठेवली. पण मी फसवण्यासाठीही घेत असेन. फेरी संपली की सगळे पत्ते उलटायचे आणि सोंगट्या वरखाली सरकवायच्या. आणखी एक गंमत होती, अफवेची. प्रत्येकाला फेरीत एकदाच कुणाचाही पालथा पत्ता उचलून, न बघता, दुसऱ्या कंपनीपुढे सरकवता यायचा. ही अफवा लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

टेबलावर कोण बसायचं ह्याचा आमचा एक ठोकताळा होता. एक हुशार, एक हट्टी, एक अडाणी आणि एक संशयी. हुशार म्हणजे निनाद, हा खेळ ज्याने रचला तो ठाण्याचा मुलगा, मोठं शिक्षण घेतलेला. संशयी कोण हे सांगायला नको.

हट्टी म्हणजे धर्मा. हा गणेशपुरीकडचा, पावसात भाताची लावणी करणारा आणि बाकीचे महिने आमच्याकडे पॅकिंगला असणारा. धर्माने एकदा शेअर घेतला की तो विकायचाच नाही. भाव शिडीच्या टोकाला गेलेला, पुढच्या फेरीत कोसळणार हे शेंबडं पोरही सांगेल, पण धर्मा आपला कागद मांडीखाली दाबून बसलेला.

"अरे विक ना, धर्मा," निनाद कळवळून म्हणायचा.

"इकायचा कशाला? घेतला तो आपला. माज्या चुलत्यानी जमीन इकली, तिच्यावर आता गोडाऊन हाय. आता तो तितंच वाचमन हाय. मी काय इकनार न्हाय."

निनादच्या नियमाप्रमाणे शेवटी ज्याच्याकडे रोकड जास्त तो जिंकणार होता. त्यामुळे धर्मा रोज हरायचा आणि रोज कागदांचा गठ्ठा अभिमानाने दाखवायचा. मी वहीत लिहिलं: आपल्याकडे असे धर्मा घरोघरी असणार. निनादने नियम बदलला, हातातल्या शेअरचीही शेवटच्या भावाने किंमत धरायची. मग धर्मा जिंकायला लागला आणि निनादच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी एका कंपनीचे किती शेअर धरता येतील ह्याला हद्द घातली, तेव्हा कुठे खेळ सरळ चालला.

दुसरी एक गोष्ट आमच्या आधीच्या खेळातली. एका गृहस्थांनी पत्र पाठवलं होतं, की आमच्या घरी सासरेबुवा दर वेळी आपले सगळे शेअर जावयाला एका रुपयात देऊन टाकतात, तर हे नियमात बसतं का? निनाद तेव्हा हसून लोळायचा बाकी होता. मला हसू आलं नाही. हे आधी मला सुचायला हवं होतं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक शेअरच्या खेळात एक ओळ जाड अक्षरात असते: खेळाडूंनी आपसात शेअर देऊ-घेऊ नयेत, व्यवहार फक्त बँकेशी करावा. ती ओळ माझी आहे.

आता चौथा, अडाणी. अडाणी म्हणजे ज्याने असला खेळ जन्मात पाहिलेला नाही असा माणूस. त्याला समजला तर खेळ कुणालाही समजेल. ह्या खुर्चीवर रहमतचाचा आले. चाळीस वर्षं भिवंडीत पॉवरलूमवर काढलेला माणूस. मालकाने लूम भंगारात घातले आणि चाचा आमच्याकडे पॅकिंगला लागले. पॅकिंगचं काम उभ्याने. त्यांचे गुडघे गेलेले. दर तासाला डब्यांच्या थप्पीला टेकून उभे राहायचे आणि कुणी पाहिलं की लगेच सरळ व्हायचे. मीच आमच्या कारखान्याच्या शेठना म्हटलं, ह्यांना टेबलावर घ्या.

पहिल्या दिवशी चाचा खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. मी म्हटलं, नीट टेकून बसा. तर म्हणाले, "ताई, चालीस साल में पहली बार बैठ के रोजी मिल रही है. आदत नहीं है." मग हळूहळू टेकून बसायला लागले. घरी जाताना खुर्ची पुसून टेबलाखाली सरकवून जायचे. दुसऱ्या कुणी ती ओढली तर त्यांना आवडायचं नाही.

चाचा खेळ लवकर शिकले, पण जिंकत नसत. चारांत तिसरे, कधी चौथे. निनादने हाताने कापलेल्या नमुन्याच्या पत्त्यांवर आम्ही आठ-नऊ महिने खेळलो. तोवर सगळं ठीक होतं.

मग खेळ छापायला गेला आणि इथे माझी करामत आली. चाळीस तेजीचे पत्ते एका मोठ्या शीटवर बरोबर बसले. मंदीचे वीस उरले. त्यांच्यासाठी वेगळं शीट घ्यायचं म्हणजे निम्मा कागद वाया. मी दोन दिवस पट्टी घेऊन बसले. शेअरच्या कागदांचं जे शीट होतं त्याच्या कडेला एक पट्टी कोरी राहत होती. उभे पत्ते तिथे मावत नव्हते, पण आडवे टाकले की वीसच्या वीस बसले. तोच कागद, तेच छपाईयंत्र, तीच शाई. शेठनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, बघा, ह्याला म्हणतात डोकं. मी त्या दिवशी घरी श्रीखंड नेलं.

पहिले छापील पत्ते टेबलावर आले तेव्हा आम्ही एक डाव खेळलो. चाचांनी अफवा वापरायला माझा एक पालथा पत्ता उचलला, क्षणभर चिमटीत धरला आणि म्हणाले, "ताई, ये माल एक जैसा नहीं है. दो किसम का है."

"सगळा एकाच गठ्ठ्यातला कागद आहे, चाचा. मी स्वतः पाहिलाय," मी म्हटलं. त्यांनी पत्ता सरकवला. मी वहीत काहीतरी टिपलं आणि डाव पुढे चालू झाला.

तो डाव चाचा जिंकले, दुसऱ्या दिवशीचाही जिंकले. आठवडा झाला तरी जिंकतच होते. अफवेचा पत्ता उचलायचे आणि असा ठेवायचे, की मंदी आमच्या कंपनीवर आणि तेजी त्यांच्या कंपनीवर. नऊ महिने तिसरा येणारा माणूस एकदम पहिला येतो तेव्हा माझ्यासारख्या बाईच्या मनात पाल चुकचुकणारच. ती नुसती चुकचुकली नाही, घर करून बसली.

मी पद्धतशीर सुरुवात केली. भिंग आणून साठही पत्त्यांची पाठ तपासली, नखाची खूण, डाग, दुमडलेला कोपरा काही नाही. चाचांची खुर्ची खिडकीपासून हलवली, मागून उजेड येऊन पत्ता आरपार दिसत असेल म्हणून. धर्माचा पाण्याचा स्टीलचा तांब्या टेबलावरून काढला, त्यात प्रतिबिंब पडत असेल म्हणून. निनादवरही संशय घेतला, की हा त्यांना खुणा करतो आहे. धर्मावर घेतला नाही, कारण धर्माला खुणा जमल्या असत्या तर तो स्वतःच जिंकला असता. रोज नवा गठ्ठा फोडला तरी चाचा जिंकलेच.

नवीन गठ्ठ्यातही तेच होतंय म्हणजे खूण पत्त्यावर नसून पत्त्यांतच असली पाहिजे, हा सरळ विचार मला सुचायला हवा होता. पण मी माणसाकडे बघत होते. पत्ते माझे होते ना. माझ्या डोक्यातून निघालेल्या गोष्टीवर मी कशाला संशय घेऊ?

डबे भरायला चार दिवस उरले होते. खेळात भोक असेल तर डबे थांबवायचे आणि खेळाडू लबाड असेल तर खेळ चांगला, असा हिशोब होता. शेठनी विचारलं, "ताई, काय ते एक सांगा." मी सांगितलं, "खेळ चांगला आहे. चाचा लबाडी करतात." त्यांनी पुन्हा विचारलं, "खात्री आहे?" मी हो म्हटलं.

आणि मग, कुणी सांगितलं नसताना, सगळ्या पॅकिंगच्या बायका बघत असताना मी म्हटलं, "चाचा, खिसे रिकामे करा."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. एकेक वस्तू टेबलावर ठेवली: रुमाल, गुडघ्याच्या गोळ्यांची पट्टी, बसचं तिकीट आणि धागा कापायची ती छोटी कातर, जी लूम सुटून वर्ष झालं तरी त्यांच्या खिशात असायची. मी रुमालसुद्धा झटकून पाहिला.

"हो गया, ताई?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळतं, ते सांगा," मी म्हटलं.

"जो मालूम था, वो मैंने पहले दिन बोला," ते म्हणाले. वस्तू परत खिशात भरल्या. शेठ म्हणाले, काढून टाकत नाही, पॅकिंगला परत जा. चाचांनी मान हलवून नको म्हटलं. खुर्ची पुसली, टेबलाखाली सरकवली आणि गेले. त्यांच्या त्या बोलण्यालाही मी मखलाशीच समजले.

डबे दुकानांत गेले, खेळ खपला. दोन-तीन महिन्यांनी तक्रारीच्या फोनवर सांगोल्याकडच्या एक बाई आल्या. आवाजावरूनच मी ओळखलं, ही माझ्या जातकुळीची, संशयी.

"तुमच्या पत्त्यांवर खूण कुठे असते, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या. "आमचे हे दर डाव जिंकतात. माझ्या भावाने आता आमच्याकडे खेळायचंच सोडलंय."

"खूण नसते, ताई. आम्ही भिंगाने तपासतो. त्यांच्या मागे आरसा, काचेचं कपाट काही आहे का?"

"दुकानातच खेळतो आम्ही, आरसा आहे की. पण मी तो चादर टाकून झाकला."

मला ती बाई आवडायला लागली. "मग त्यांचे खिसे बघा," मी म्हटलं.

"बघितले. बाहीसुद्धा बघितली. ती अफवा असते ना, तिच्यातच ते मारतात."

"पत्ता उचलताना नक्की काय करतात?"

"काही नाही हो. चिमटीत धरतात जरासा. शिंपी आहेत ना, गिऱ्हाइकाचं कापड बघतात, तसंच."

फोन ठेवताना त्यांना काय सांगितलं ते मला आठवत नाही. तशीच उठले, गठ्ठा घेतला, डोळे मिटून एकेक पत्ता चिमटीत दाबून पाहिला. मला काहीच कळलं नाही. माझ्या बोटांनी आयुष्यभर पुठ्ठे आणि फासे हाताळले, कापड नाही.

आता तुम्हाला कागदाची एक गोष्ट सांगते. घरातलं वर्तमानपत्र घ्या. वरून खाली फाडलंत तर सरळ फाटतं. आडवं फाडलंत तर वेडंवाकडं जातं. कागदाच्या तंतूंना दिशा असते, छपाईच्या धंद्यात तिला ग्रेन म्हणतात. त्या दिशेला वाकवला तर कागद ताठ राहतो, दुसऱ्या दिशेला जरासा नरम लागतो. हे मला ठाऊक होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. डब्याचा पुठ्ठा उलट्या ग्रेनवर कापला की झाकण वाकतं, म्हणून मी कितीजणांना ओरडले असेन. पण बोटाएवढ्या पत्त्याला ग्रेन कोण बघतो?

मी तेजीचा एक पत्ता वरून खाली फाडला. सरळ फाटला. मंदीचा फाडला, तो करवतीसारखा दातेरी फाटला. दुसरा फाडला, तिसरा फाडला. वीसच्या वीस मंदीचे पत्ते फाडले. माझ्या टेबलावर, माझ्या हाताने, माझीच आडवी टाकलेली पट्टी.

मग वही काढली. पहिल्या छापील डावाच्या पानावर माझ्या अक्षरात ओळ होती: "रहमतचाचा म्हणतात, माल दोन किसमचा. हरण्याआधीच सबब शोधून ठेवतात." खाली दोनदा रेघ मारलेली.

शेठना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, शिंपी किती घरांत असतात? कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं, "भिवंडीचे तुम्ही, आणि कापडावरून बोट फिरवणारी माणसं किती असतात हे मला विचारता? पट्टी मी टाकली होती, हे सगळ्यांसमोर मी सांगते." आणि बायकांना गोळा करून तसं सांगितलंही. श्रीखंडाची चव तेव्हा तोंडातून गेली ती गेलीच. गोडाऊनमधले उरलेले डबे फोडून मंदीचे पत्ते नवे घातले. सांगोल्याच्या बाईंना नवा गठ्ठा पाठवला, सोबत चिठ्ठी: तुमच्या मिस्टरांनी काही लबाडी केलेली नाही. त्यांचं उत्तर आलं नाही. बहुतेक त्यांना पटलं नसावं.

चाचांचा ठावठिकाणा धर्माने काढून दिला. "ते तितं कापडाच्या घड्या मारायला असतात, ताई. जावा तुमी. माजं ऐकाल तर येकट्याच जावा."

भिवंडीतला एक लांबट, अंधारा गाळा. भिंतीपलीकडे लूमचा खडखडाट. चाचा टेबलाशी उभे राहून ताग्यांच्या घड्या घालत होते. पलीकडे एकच स्टूल होतं. मला पाहताच त्यांनी ते रुमालाने पुसलं आणि पुढे केलं. "आओ ताई, बैठो."

मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. शीट, पट्टी, आडवे पत्ते, सांगोल्याचा शिंपी. वहीतली ओळही सांगितली. चुकले म्हटलं. लूमच्या आवाजामुळे जवळजवळ ओरडून माफी मागावी लागली.

चाचांना कशाचंच नवल वाटलं नाही. "मैंने बोला, तो तुमने लिख लिया था," ते म्हणाले. "मुझे लगा, लिख लिया है तो ठीक कर दोगी. बाद में ठीक नहीं हुआ, तो मैं समझा यही खेल है. जिसका हाथ जानता है, उसका फ़ायदा. बाज़ार में ऐसाच होता है ना?"

बाजारात असंच होतं खरं.

"खुर्ची तशीच ठेवलीय, चाचा," मी म्हटलं. "शेठनी हो म्हटलंय. उद्यापासून या."

त्यांनी घडीवरून हात फिरवला. "नहीं, ताई. अब उधर बैठूँगा, तो सब लोग मेरे हाथ की तरफ़ देखेंगे. तुम भी देखोगी. तुम्हारी ग़लती नहीं, तुम्हारा काम है."

मी पिशवीतून नवा डबा काढला. त्यांना दाखवायला आणला होता, सगळे पत्ते आता एकाच ग्रेनचे. त्यांनी डबा पाहिला, गाळ्यातल्या बाकीच्या कामगारांना हाक मारून पाच मिनिटं मागितली आणि एका ताग्यावर पट मांडला. "चलो, एक छोटा डाव. लेकिन मेरे पत्ते तुम उठाओ. मैं हाथ नहीं लगाऊँगा."

"चाचा, असं नका करू."

"खेलना है तो ऐसे खेलेंगे."

मग मी त्यांचे पत्ते उचलत होते, चेहरा त्यांच्याकडे आणि पाठ माझ्याकडे करून धरत होते, आणि ते हनुवटीने दाखवतील त्या कंपनीपुढे पालथे ठेवत होते. ते हात पाठीमागे बांधून उभे होते. मी स्टुलावर बसले होते, कधी बसले ते मलाच कळलं नाही. सगळा वेळ मला वाटत होतं, ह्यांना वाटत असेल, ही चोरून बघते आहे. मान अवघडेपर्यंत मी दुसरीकडे बघत होते.

शेवटच्या फेरीपर्यंत चाचा पुढे होते. कापड गिरणीचे सगळ्यात जास्त शेअर त्यांच्याकडे होते आणि सोंगटी शिडीच्या टोकाजवळ. मी त्यांचा शेवटचा पत्ता धरला. त्यांनी तो नीट पाहिला आणि हनुवटीने कापड गिरणी दाखवली. मी ठेवला. मग ते शेअर विकतील म्हणून मी थांबले. त्यांनी विकले नाहीत. पत्ते उलटले, तर त्यांचाच पत्ता, मंदीचा, त्यांच्याच गिरणीवर. सोंगटी खाली आली आणि मी जिंकले.

"चाचा, हे काय केलंत?"

"चूक हो गई, ताई. बूढ़ा हो गया मैं," ते म्हणाले आणि पट आवरून, एकाही पत्त्याला हात न लावता, डबा माझ्यापुढे सरकवला. मग परत घड्या घालायला लागले.

मला निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. त्या दिवसानंतर मी बरेच खेळ तपासले, बऱ्याच लबाड्या पकडल्या, आणि प्रत्येक वेळी आधी कागद फाडून पाहिला, मग माणसाकडे बघितलं. टेबलावरची ती चौथी खुर्ची मी असेपर्यंत कुणाला दिली नाही, चौथा माणूस स्टुलावर बसायचा.

आपली मंदी आपल्याच गिरणीवर ठेवण्याची चूक चाचांनी टेबलावरच्या सगळ्या महिन्यांत एकदाही केली नव्हती. ते मुद्दाम हरले, असा माझा संशय आहे. एवढा एकच संशय मी आजवर तपासून पाहिलेला नाही.